अरुंद फितींवरील अद्भुत सृष्टि

मनुष्यांच्या नानाविध छंदांचा विचार केला असतां असें दिसून येतें कीं, ज्या छंदास जग आरंभीं पोरकट म्हणून हसतें, त्याच छंदानें कधीं कधीं विद्वानांच्या हातून न घडलेलें काम करून ठेविलेलें असतें. पोस्टाचीं तिकिटें, जुनीं नाणीं व हस्तलिखित पोथ्या ह्यांचा संग्रह करणारी माणसें आपल्या परिचयाचीं आहेत. परंतु युरोप-अमेरिकेंत सुमारें शंभर वर्षें चालत आलेला एक छंद असा आहे कीं, आपल्या घरांतून त्याची फारशी वार्ता नाहीं. तो म्हणजे घरच्या भिंतीवर दाखविण्याकरितां अरुंद फितीवर उतरविलेल्या जुन्या चित्रपटांचा, आणि त्यांतही विज्ञानकल्पित चित्रपटांचा, संग्रह. चंद्रावर जाणारे तोफगोळे, पृथ्वीवर उतरणारे परग्रहवासी, प्रयोगशाळेंत जन्मणारे यंत्रमानव आणि लाखों वर्षांपूर्वीं नष्ट झालेले प्रचंड सरडे ह्यांची ही सृष्टि. तिची थोरवी काय व तिजवर आज कोणतें संकट आलें आहे, हें वाचकांपुढें मांडण्याचा हेतु आहे.

प्रथम ह्या फितींची थोडी ओळख करून घेऊं. चित्रगृहांत चालणाऱ्या फितीची रुंदी ३५ मिलिमीटर असे, व १९५० च्या सुमारापर्यंत ती बहुधा सेल्युलोज नायट्रेट नांवाच्या द्रव्याची केलेली असे. हें द्रव्य बंदुकीच्या कापसाचें भावंडच होय. एकदां पेटलें म्हणजे जळण्यास लागणारा प्राणवायु तें स्वतःच पुरवितें, म्हणून पाण्यांत बुडविलें तरी विझत नाहीं. असली वस्तु घरांत मुलांबाळांमध्यें आणणें म्हणजे माजघरांत दारूचें कोठार करण्यासारखेंच होतें. ह्यास्तव फ्रान्समधील पाते कंपनीनें १९१२ सालीं सहजासहजीं न पेटणाऱ्या ॲसिटेट द्रव्याची, २८ मिलिमीटर रुंदीची फीत घरगुती उपयोगासाठीं काढली. आणि १९२२ सालीं अवघ्या साडेनऊ मिलिमीटरांची फीत काढून तिच्या यंत्रास 'पाते-बेबी' असें लाडकें नांव दिलें. ह्या फितीचीं छिद्रें कडेस नसून दोन चित्रांच्या मध्यें एकेकच असत. फितीची काटकसर किती म्हणाल, तर जेथें शीर्षकाचा मजकूर येई तेथें फितीच्या कडेस एक खांच ठेवीत. ती खांच येतांच यंत्र आपोआप कांहीं क्षण थांबे, आणि तेवढ्यांत मंडळी मजकूर वाचून घेत!

पुढल्याच वर्षीं, म्हणजे १९२३ सालीं, अमेरिकेच्या कोडॅक कंपनीनें १६ मिलिमीटरची फीत काढली. ३५ ची निमपट साडेसतरा होते. मग सोळाच कां घेतले? तर ज्वालाग्राही फीत मधोमध चिरून कोणीं ती घरगुती यंत्रांत चालवूं नये म्हणून. ह्यानंतर १९३२ सालीं ८ मिलिमीटरची आणि १९६५ सालीं 'सुपर-८' नांवाची फीत आली. सुपर-८ ची रुंदी आठच मिलिमीटर, परंतु छिद्रें बारीक केल्यानें चित्रास अधिक जागा मिळाली. अधिक म्हणजे किती? तर एका चित्राची रुंदी सहा मिलिमीटरांहूनही थोडी कमीच भरते. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या चौकटींत सबंध आकाशगंगा मावविलेली असते! एका फुटांत अशीं ७२ चित्रें बसतात. दोनशें फुटांच्या रिळांत १४,४०० चित्रें. आणि सेकंदास २४ ह्या वेगानें दाखविलीं तर बरोबर दहा मिनिटांचा खेळ होतो.

ह्या हिशेबांतच ह्या छंदाचा सर्वांत मोठा दोष दडलेला आहे. सबंध चित्रपट घरीं विकत घेणें बहुतेकांच्या ऐपतीबाहेरचें असल्यामुळें विक्रेते त्याचा संक्षेप करून विकीत. अमेरिकेंत यूजीन कॅसल ह्यांनीं १९२४ सालीं स्थापन केलेली 'कॅसल फिल्म्स' ही कंपनी १९३७ पासून घरगुती चित्रफितींच्या व्यापारांत उतरली. १९४७ सालीं ती युनिव्हर्सल कंपनीच्या ताब्यांत गेली, आणि त्या कंपनीचे अद्भुत व भयानक चित्रपट कापून-छाटून घरोघर जाऊं लागले. १९५५ चा 'धिस आयलंड अर्थ' हा परग्रहावरील युद्धाचा चित्रपट 'वॉर ऑफ द प्लॅनेट्स' असें नवें नांव घेऊन कांहीं मिनिटांच्या रिळांत बसला. १९७७ सालीं 'स्टार वॉर्स' निघाला. दोन तासांच्या त्या चित्रपटाचा केन फिल्म्स कंपनीनें सुमारें आठ मिनिटांचा सुपर-८ उतारा विकावयास काढला. घरोघरीं व्हिडिओ यंत्र अद्यापि पोंचलें नव्हतें. त्यामुळें ज्या मुलाच्या घरीं हें रीळ असे, त्याच्याकडे गल्लींतील सर्व मुलें संध्याकाळीं जमत असतील, ह्यांत नवल काय!

असे हे तुकडे, बहुधा मुके, बहुधा काळे-पांढरे. त्यांचा संग्रह करून काय साधतें, असें कोणीही विचारील. ह्या प्रश्नाचें उत्तर 'द लॉस्ट वर्ल्ड' ह्या एकाच चित्रपटाच्या इतिहासांत सांपडतें.

सर आर्थर कॉनन डॉइल हे आपल्या वाचकांस शेरलॉक होम्सचे जनक म्हणून ठाऊक आहेतच. दक्षिण अमेरिकेंतील एका दुर्गम पठारावर प्राचीन काळचे राक्षसी सरडे अद्यापि जिवंत आहेत, अशी कल्पना करून त्यांनीं १९१२ सालीं ही कादंबरी लिहिली. तिजवरून फर्स्ट नॅशनल कंपनीनें १९२५ सालीं मूकपट काढला. त्यांतील प्राण्यांच्या लहान मूर्ति मार्सेल डेलगादो ह्यांनीं घडविल्या, आणि विलिस ओब्रायन ह्यांनीं त्यांस 'चालविलें'. चालविलें म्हणजे असें कीं, मूर्तीचा पाय केंसभर पुढें सरकवावयाचा, एक चित्र घ्यावयाचें. पुन्हा केंसभर सरकवावयाचा, पुन्हा एक चित्र. क्षणभराच्या हालचालीसाठीं हा खटाटोप अनेकदां करावा लागे. १९२२ सालीं ह्या प्रयोगाचीं कांहीं दृश्यें डॉइल ह्यांनीं न्यूयॉर्कच्या जादूगारांच्या मंडळापुढें, कांहींएक खुलासा न करितां, दाखविलीं. तेव्हां दुसऱ्यांस फसविणें हाच ज्यांचा धंदा ते जादूगारही चकित झाले, व वृत्तपत्रांनीं त्याचा गाजावाजा केला.

एवढा गाजलेला चित्रपट. पण १९२९ सालीं तो बाजारांतून मागें घेण्यांत आला आणि त्याच्या प्रती नष्ट करण्यांत आल्या. बोलपटांचा काळ सुरू झाला होता. मूकपटास कोण विचारतो! मूळ दहा रिळांचा तो ग्रंथ जणुं जगांतून नाहींसा झाला. परंतु कोडॅक कंपनीची 'कोडास्कोप लायब्ररी' नांवाची एक संस्था होती. आपल्याकडे फिरत्या वाचनालयांतून पुस्तक आणावें तशी तेथून १६ मिलिमीटरची रिळें भाड्यानें घरीं आणतां येत. ह्या वाचनालयासाठीं 'द लॉस्ट वर्ल्ड'चा पांच रिळांचा संक्षेप पूर्वींच केलेला होता. पुढें अनेक दशकें जगानें हा चित्रपट पाहिला तो ह्या घरगुती संक्षेपाच्या रूपानेंच. मूळ गेलें आणि संक्षेप उरला. कालांतरानें चेक देशाच्या चित्रपट संग्रहालयांत दुसरी प्रत हातीं आली; इतरत्र विखुरलेले तुकडेही गोळा झाले; आणि अनेक वेळां झालेल्या जीर्णोद्धारांपैकीं २०१६ च्या जीर्णोद्धारांत तो जवळजवळ पूर्ण स्वरूपांत पुन्हा उभा राहिला.

संस्कृताच्या अभ्यासकास ही कथा नवी वाटत नाहीं. आपल्याकडे गुणाढ्यानें पैशाची भाषेंत 'बृहत्कथा' रचली. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजानें तिचा अव्हेर केला, तेव्हां संतप्त कवीनें अरण्यांत बसून एकेक पान पशुपक्ष्यांस वाचून दाखवीत अग्नींत टाकिलें, आणि सात लक्षांपैकीं सहा लक्ष श्लोक भस्म झाल्यावर राजा धांवत आला, अशी आख्यायिका आहे. आज ती एक लक्षाची बृहत्कथाही उपलब्ध नाहीं. ती आपल्यास कळते ती क्षेमेंद्राच्या 'बृहत्कथामंजरी'वरून, बुधस्वामीच्या श्लोकसंग्रहावरून आणि काश्मीरच्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'वरून. हे सर्व ग्रंथ मूळच्या कथेचे संक्षेप अथवा रूपांतरें आहेत. सोमदेवानें राणी सूर्यमतीच्या मनोरंजनार्थ कथा संक्षिप्त केली. गुणाढ्याची कीर्ति वांचविण्यास मात्र तेंच काम उपयोगीं पडलें.

अग्नींत पानें टाकणारा गुणाढ्य चित्रपटांच्या जगांतही होऊन गेला आहे. १९०२ सालीं 'चंद्रलोकाची सफर' हा विज्ञानकल्पित चित्रपटांचा आदिपुरुष निर्माण करणारे फ्रेंच जादूगार जॉर्ज मेलिएस ह्यांनीं, धंदा बुडाल्यावर, १९२३ सालीं आपल्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह फिती उद्वेगानें जाळून टाकिल्या. आज त्यांचे जे चित्रपट आपण पाहतों, ते इतरांच्या हातीं राहिलेल्या प्रतींच्या कृपेनें होत.

तथापि ह्या सर्वांहून विस्मयकारक कथा 'मेट्रोपोलिस'ची आहे. फ्रिट्झ लांग ह्यांनीं दिग्दर्शित केलेला हा जर्मन चित्रपट १० जानेवारी १९२७ रोजीं बर्लिनमध्यें प्रथम दाखविण्यांत आला. वर आकाशास भिडणाऱ्या हवेल्यांत राहणारे धनिक, भूगर्भांत यंत्रांशीं झुंजणारे मजूर, आणि त्या मजुरांस भुलविण्यासाठीं घडविलेली यंत्रमानवी, असें त्याचें कथानक आहे. तें लिहिणाऱ्या विदुषी थेआ फॉन हारबो ह्या लांग ह्यांच्या पत्नी. १९३३ सालीं त्यांचा घटस्फोट झाला, आणि पुढें हारबोबाईंनीं बर्लिनमध्यें राहणाऱ्या आयी तेंडुलकर ह्या बेळगांवकडील मराठी पत्रकाराशीं गुप्तपणें विवाह केला, ही गोष्ट पुष्कळ मराठी वाचकांसही ठाऊक नसेल.

हा चित्रपट मूळ ४,१८९ मीटर लांबीचा होता. परंतु अमेरिकेंतील वितरकांनीं तो कापला, जर्मनींतही मागाहून तो कापूनच दाखविण्यांत आला, आणि मूळ रूप लुप्त झालें. शास्त्रज्ञ रोटवांग आणि नगराधिपति फ्रेडरसन ह्यांच्या वैराचें मूळ प्रेक्षकांस कळेनासें झालें. कांहीं पात्रें तर नांवापुरतींच उरलीं. मात्र कापाकापी होण्यापूर्वींची एक लांब प्रत १९२८ च्या सुमारास अर्जेंटिनांतील एका वितरकानें नेली होती. ती पुढें मान्वेल पेन्या रॉद्रिगेस ह्या समीक्षक-संग्राहकाच्या हातीं गेली. कालांतरानें तो संग्रह सरकारी संस्थेकडे आला, आणि ज्वालाग्राही फितीचें भय म्हणून तिजवरून १६ मिलिमीटरची सुरक्षित प्रत उतरवून मूळ फीत नष्ट करण्यांत आली. ही सोळा मिलिमीटरची प्रत १९९२ सालीं बुएनोस आइरेसच्या चित्रपट संग्रहालयांत जाऊन पडली.

तेथें कोणाचें लक्ष गेलें तें एका गमतीच्या आठवणीमुळें. तेथील एका चित्रपटमंडळाचा चालक सांगत असे कीं, पूर्वीं हा चित्रपट दाखवितांना फीत यंत्रांत नीट बसेना, म्हणून आपण दोन तासांहून अधिक वेळ ती बोटानें दाबून धरून उभे होतों. फेर्नांदो पेन्या ह्या अभ्यासकानें ती ऐकली, आणि त्याच्या मनांत आलें कीं, जगांत उपलब्ध असलेल्या कापीव प्रती इतक्या लांब नाहींत. मग हे दोन तास कोठून आले? अनेक वर्षांच्या प्रयत्नानंतर २००८ सालीं संग्रहालयाच्या संचालिका पाउला फेलिक्स-दिदिएर आणि पेन्या ह्यांनीं तो डबा उघडला. सुमारें पंचवीस मिनिटांचा लुप्त भाग त्यांत होता! १२ फेब्रुवारी २०१० रोजीं बर्लिनमध्यें जीर्णोद्धार केलेला 'मेट्रोपोलिस' पुन्हा दाखविण्यांत आला.

ह्या नव्या आवृत्तींत एक गोष्ट मोठी शिकण्यासारखी आहे. सोळा मिलिमीटरवर उतरवितांना चित्राच्या कडा कापल्या गेल्या होत्या, आणि जुन्या फितीवरील ओरखडेही तसेच उतरले होते. जीर्णोद्धारकांनीं हे दोष लपविले नाहींत. जेथें अर्जेंटिनाचा भाग येतो तेथें कापलेल्या कडेच्या जागीं काळी पट्टी ठेवून दिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं आरंभून १९६६ सालीं पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत शंकास्पद पाठाखालीं नागमोडी रेघ असते. उपलब्ध पाठ द्यावा, पण त्याची योग्यता वाचकास प्रामाणिकपणें कळूं द्यावी, ही संपादनाची नीति दोन्हीं ठिकाणीं एकच आहे.

एवढे उपकार करूनही संग्राहकांस समाजानें नेहमींच मान दिला असें नाहीं. रीळ विकत घेतलें म्हणजे चित्रपटाचा स्वामित्वहक्क मिळत नाहीं. आणि १६ मिलिमीटरच्या पूर्ण प्रती तर पुष्कळदां संशयास्पद वाटेनें संग्राहकांच्या हातीं येत. 'प्लॅनेट ऑफ द एप्स' (१९६८) ह्या विज्ञानकल्पित चित्रपटांत वानराची भूमिका करणारे नट रॉडी मॅकडॉवेल हे असेच नामांकित संग्राहक होते. डिसेंबर १९७४ मध्यें अमेरिकेच्या एफ. बी. आय. ह्या पोलीसखात्यानें त्यांच्या घरीं छापा घालून दीडशेंहून अधिक चित्रपटांच्या प्रती जप्त केल्या. त्यांच्यावर खटला झाला नाहीं, पण इतर संग्राहकांनीं धसका घेतला. निर्मात्याचा हक्क खरा, हें कोण नाकारील? परंतु ज्याचा हक्क तोच जर आपल्या प्रती जाळूं लागला, तर त्या जपणाऱ्यास केवळ चोर म्हणून भागत नाहीं. ह्या दोन न्यायांचा मेळ अद्यापि पुरता बसलेला नाहीं.

आतां आजचें संकट सांगतों. ज्या ॲसिटेट द्रव्यानें घरें आगींपासून वांचविलीं, त्यास स्वतःचाच एक क्षय लागतो. उष्ण व दमट हवेंत त्याचें विघटन होऊन ॲसेटिक आम्ल सुटतें. डबा उघडतांच व्हिनेगरचा आंबट दर्प येतो. फीत आकसते, वळते, ठिसूळ होते. सुटलेलें आम्ल ह्या क्रियेस आणखी वेग देतें, आणि शेजारच्या डब्यांतील निरोगी फितीसही बाधा पोंचवितें. रंगीत प्रतींचें दुखणें वेगळें. १९८० च्या सुमारापूर्वींच्या बहुतेक रंगीत प्रतींतील निळा व पिंवळा रंग उडून जातो, आणि मग अंतराळ काय, समुद्र काय, सर्वच गुलाबी दिसूं लागतें. काळ्या-पांढऱ्या फितींतील चांदीच त्या मानानें टिकाऊ.

दुसरा क्षय मनुष्यांचा आहे. आमचे एक माजी विद्यार्थी इंग्लंडांत अभियंते होते. आतां तेही निवृत्त झाले आहेत. त्यांनीं चाळीस वर्षांत अशा दोनशेंहून अधिक रिळांचा संग्रह केला आहे. गेल्या वर्षीं आमच्याकडे आले असतां ते म्हणाले, "गुरुजी, ह्यांतील पुष्कळ चित्रपट आतां मोबाइलवर एका क्षणांत दिसतात. मुलें म्हणतात, बाबा, ही अडगळ कशाला? मी गेल्यावर डबे रस्त्यावर जातील. तुम्हीच सांगा, मी चूक करतों आहें काय?"

त्यांस आम्हीं जें सांगितलें तें येथें लिहितों. मोबाइलवर जें दिसतें, तें कोणत्या ना कोणत्या फितीवरूनच घेतलेलें असतें. प्रतिलिपि झाली म्हणून मातृका फेंकून देऊं नये, हा पोथ्यांचा पहिला नियम. कारण पुढील काळांत अधिक चांगली साधनें निघतात, आणि तेव्हां पुन्हा मूळाकडेच यावें लागतें. शिवाय तुमच्या दोनशें रिळांपैकीं एकशें नव्याण्णव जगांत इतरत्र असतीलही, दोनशेंवें नसेल. तें कोणतें, हें आज तुम्हांसही ठाऊक नाहीं. म्हणून प्रथम यादी करा: चित्रपटाचें नांव, फितीची रुंदी, लांबी, कोणत्या कंपनीची प्रत, कोणत्या स्थितींत. जाण्यापूर्वीं कोणत्या संग्रहालयास तें द्यावें हें लिहून ठेवा, आणि मुलांस त्याचें कारण समजावून सांगा. मुलें अडगळ म्हणतात, कारण आपण त्यांस वस्तु दाखवितों व तिची कथा सांगत नाहीं. त्यावर ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. परंतु परत गेल्यावर त्यांनीं कळविलें कीं, यादीचें काम धाकट्या मुलीनें हातीं घेतलें आहे.

हा उपदेश परदेशांतील संग्राहकांपुरताच नाहीं. आपल्याकडील पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ सालीं निघाला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाहीं. पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें १९६४ सालीं. तोंवर आपल्या मूकपटांपैकीं बहुतेक नष्ट होऊन गेले होते. त्यांच्या घरगुती लहान प्रती, संक्षिप्त कां होईनात, चार घरांतून पडून राहिल्या असत्या, तर आज केवढा लाभ झाला असता!

आपल्यांपैकीं ज्यांच्या घरीं वडिलांनीं वा आजोबांनीं आणलेल्या फितींचे डबे माळ्यावर असतील, मग त्यांत परदेशी अद्भुत चित्रपट असोत कीं घरांतील मुंजीचें चित्रण असो, त्यांनीं ते फेंकण्यापूर्वीं एकदां खालीं काढावे. आंबट वास येत असल्यास तो डबा इतरांपासून वेगळा करावा. आकसलेली फीत जुन्या यंत्रांत घालून चालवूं नये. दात्यांत अडकून ती कायमची फाटते. घरांतल्या त्यांतल्या त्यांत थंड व कोरड्या जागीं डबे ठेवावे. माळा ही सर्वांत वाईट जागा, कारण छपराखालीं उष्णता फार. जाणत्याकडून स्कॅन करून घ्यावें, आणि त्यानंतरही मूळ फीत जपावी. डब्यावरील जुनी चिठ्ठी फाडूं नये. तिजवरील अक्षर ज्याचें असेल, त्याचें नांव घरांतील वृद्धांस आजच विचारून खालीं लिहून ठेवावें.